परिषदेत ऐकायचं किती, भेटायचं किती? मराठवाड्यातल्या बिल्डर, प्लॉटिंगवाले आणि एजंटांसाठी

प्रॉपर्टीच्या कुठल्याही परिषदेत दुपारी बाराच्या सुमारास सभागृहाच्या दाराशी उभं राहून बघा. आत काही मंडळी वही उघडून सकाळपासून बसलेली असतात, खुर्ची सोडत नाहीत. बाहेर चहाच्या टेबलाजवळ दुसरी मंडळी, ज्यांनी आतलं एकही सत्र ऐकलेलं नसतं. आतले घरी येतात ते भरलेली वही घेऊन, पण त्यातलं पुढे कुणाला विचारायचं हे त्यांना ठाऊक नसतं. बाहेरच्यांच्या खिशात कार्डांची गड्डी असते आणि आठवडाभरानं त्यातला कोण कुठला होता हेच आठवत नाही.

लातूर, नांदेड, परभणी, बीडहून जाणाऱ्याला हे परवडत नाही. रात्रीचा प्रवास, लॉज, नोंदणीचं शुल्क, आणि मागे दोन दिवस गुत्तेदाराच्या भरवशावर सोडलेली साइट. ‘अर्धा वेळ सत्रं, अर्धा वेळ भेटीगाठी’ हा सल्ला बरेच जण देतात, पण घड्याळ बघून ही वाटणी जमत नाही. आपल्या टेबलावर अडलेली दोन-तीन कामं सोबत न्यावीत. कुठल्या सत्राला बसायचं आणि कुणाला गाठायचं, हे त्या कामांवरूनच ठरतं. या लेखातलं पुढचं सगळं त्या अडलेल्या कामांभोवतीच आहे.

निघण्याच्या आठ दिवस आधी: अडलेलं काम कागदावर

एक कोरं पान घ्या आणि गेल्या सहा महिन्यांत कुठली फाइल हललेली नाही ते लिहा. ‘बाजार कसा आहे ते बघू’ हे काम नव्हे. कामं अशी असतात:

– लेआऊटसाठी बघितलेली जमीन मदतमाश इनामाची (पूर्वी उपजीविकेसाठी इनाम दिलेली) आहे, सातबारावर वर्ग दोन, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी. वर्ग एक करून घ्यायला नजराणा (सरकारकडे भरायची रक्कम) किती, प्रस्ताव कुठल्या टेबलावरून कुठे जातो?

– महारेराची (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाची) खाती तीन झाली, पण आमचा प्रकल्प जुना. आधीच्या खात्यातली रक्कम आणि सीएचे दाखले कसे जुळवायचे?

– काळ्या मातीत पायाचा खर्च अंदाजाबाहेर चाललाय. तीन मजली इमारतीला कुठला पाया परवडेल?

– नांदेडमधले मोठे फ्लॅट विकले जात नाहीत. बाहेरगावचे चॅनल पार्टनर (दलालीवर विक्री करून देणारे एजंट) घ्यावेत का, आणि दलाली किती टक्के ठरवावी?

प्रत्येक कामाखाली एका ओळीचा प्रश्न लिहा, आणि तो असा लिहा की समोरच्याला उत्तर देताना आकडा, कागद किंवा माणसाचं नाव सांगावंच लागेल. ‘मराठवाड्यात रिअल इस्टेटचं भवितव्य काय?’ असं विचारलं तर भाषण ऐकायला मिळतं. ‘वर्ग दोनच्या जमिनीवर अंतिम लेआऊट मंजूर व्हायच्या आधी महारेराची नोंदणी मिळाल्याचं तुमच्या पाहण्यात आहे का?’ असं विचारलं तर समोरचा खुर्ची जवळ ओढतो.

तीनपेक्षा जास्त कामं नेऊ नका.

घरी वाचून होईल ते सभागृहात ऐकू नका

परिषदेतला निम्मा वेळ आधीच छापून आलेल्या गोष्टी पुन्हा सांगण्यात जातो. त्या घरून वाचून गेलात तर ते सत्र बिनघोर सोडता येतं, किंवा बसलात तर पुढचा प्रश्न विचारता येतो.

रेरा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात महारेराचं काम मे २०१७ पासून सुरू झालं. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा ८ पर्यंत सदनिका असतील तर नोंदणीची सक्ती नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि ते काढताना इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए या तिघांचे दाखले लागतात. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. १ जुलै २०२४ पासून प्रकल्पासाठी तीन खाती आहेत: जमा होणारं, ७० टक्क्यांचं आणि उरलेल्या व्यवहारांचं. एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. हे सगळं महारेराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं.

बांधकामाचे नियम म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकात्मिकृत नियमावली, जिला सगळे युडीसीपीआर म्हणतात. ती जाडजूड आहे, पण तुमच्या रस्त्याच्या रुंदीला किती एफएसआय (प्लॉटच्या मानानं किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) मिळतो एवढं पान आर्किटेक्टकडून समजून घ्यायला तासभर पुरतो.

जीएसटीचंही तसंच. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम सुरू असलेल्या परवडणाऱ्या घरांवर १ टक्का आणि बाकीच्यांवर ५ टक्के, इनपुट क्रेडिट (मालावर भरलेल्या कराची वजावट) नाही. एवढं माहीत असलं की खरा प्रश्न सुचतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. क्रेडिट मिळतच नसल्यामुळे ही घट थेट आपल्या बांधकाम खर्चात दिसायला हवी. मग आधीच्या दरानं करार केलेल्या गुत्तेदाराशी तुम्ही दर कसा बदलून घेतलात? याचं उत्तर मंचावरच्या पाहुण्यांपेक्षा शेजारच्या खुर्चीतला बिल्डर जास्त चांगलं देईल.

कार्यक्रमपत्रिकेवर तीन खुणा

पत्रिका हातात आली की पेन घेऊन बसा. ज्या सत्रात तुमच्या पानावरचा प्रश्न बसतो, तिथे बरोबरची खूण. जिथे वक्त्याला भेटायचंय पण विषय माहीत आहे, तिथे शेवटची दहा मिनिटं. बाकीच्या सत्रांवर सरळ काट.

‘२०३० मधलं रिअल इस्टेट’ छापाच्या चर्चा, ज्यात मुंबईचे चार मोठे विकासक कोचांवर बसून एकमेकांचं कौतुक करतात, त्या मी निर्धास्तपणे काटतो. प्रायोजक कंपनीचं सादरीकरणही काटा. तोच माणूस दुपारी स्टॉलवर मोकळा सापडतो आणि तिथे भावही सांगतो. भूकंपरोधक रचनेचं किंवा मातीपरीक्षणाचं सत्र असेल तर स्वतः जाण्याऐवजी आपल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला पाठवा. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप लातूर-धाराशिवकडचा ग्राहक विसरलेला नाही. कॉलम-बीमबद्दल तो आजही विचारतो आणि त्याला उत्तर इंजिनिअरच नीट देऊ शकतो.

उद्घाटनाबद्दल जरा वेगळं मत आहे. मंत्री तासभर उशिरा येणार म्हणून लोक तो वेळ वाया गेला असं धरतात. पण नगररचना, महसूल किंवा महारेराचे अधिकारी बहुतेक वेळा उद्घाटनालाच येतात आणि सत्कार झाला की निघतात. तुमचं काम त्यांच्यापैकी कुणाशी असेल तर दुपारी शोधून उपयोग नाही. ताटकळण्याच्या त्या तासात ते पहिल्या रांगेत रिकामे बसलेले असतात. तिथे फाइल पुढे करू नका. ओळख द्या, विषय एका वाक्यात सांगा आणि कार्यालयात कधी यावं एवढंच विचारा.

जमिनीच्या हक्काचं सत्र मात्र चुकवू नका

इथे थोडं थांबतो, कारण मराठवाड्याच्या माणसाला या सत्रातून सगळ्यात जास्त मिळू शकतं आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच होतो.

मुंबई-पुण्याचा वकील मंचावरून कुळकायदा समजावतो तेव्हा त्याच्या डोक्यात १९४८ चा मुंबईचा कायदा असतो. आपल्याकडे लागू आहे तो १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा. हा वकील ‘कलम ४३ ची परवानगी’ (कुळाला मिळालेली जमीन विकण्याची) म्हणतो, तेव्हा आपल्या सातबारावर बघायचं असतं कलम ५०-ब. इनाम जमिनींसाठीही १९५४ चा हैदराबादचा वेगळा कायदा आहे. जुना पुरावा शोधायचा तर खासरा पाहणी पत्रक आणि सेतवार या जुन्या जमीन नोंदी काढाव्या लागतात, आणि निजामकाळातले कागद उर्दूत निघतात. म्हणून वक्त्याची नोंद जशीच्या तशी वहीत उतरवू नका. समासात ‘हैदराबाद कायद्यात काय?’ असं लिहा आणि प्रश्नोत्तरात तेच विचारा.

मी या प्रश्नाला इतकं महत्त्व देतो त्याचं आणखी एक कारण आहे. हा प्रश्न माइकवरून विचारला की सभागृहात पसरलेली मराठवाड्याची मंडळी मान वर करून बघतात. सत्र संपल्यावर जालन्याचा एखादा वकील, बीडचा एखादा प्लॉटिंगवाला तुमच्याकडे चालत येतो आणि म्हणतो, “माझीही एक फाइल त्यातच अडकली आहे.” दिवसभर कार्डं वाटून होणार नाही अशी ओळख इथे होते, आणि ती तुमच्या कामाचीच असते.

माइक हातात आल्यावर

जागा वाटेकडेची धरा, तिसऱ्या-चौथ्या रांगेत. माइक तिथे लवकर पोचतो आणि सत्र आवडलं नाही तर उठून जाताना कुणाचे पाय तुडवावे लागत नाहीत.

नाव, गाव, एक वस्तुस्थिती, एक प्रश्न. अर्ध्या मिनिटात संपवा. “नमस्कार, मी परभणीहून आलो आहे, प्लॉटिंगचं काम करतो. आमच्या जमिनीच्या इतर हक्कात कुळाची नोंद आहे आणि कुळाचे वारस सापडत नाहीत. एनएच्या (जमीन बिगरशेती होण्याच्या) आधी ही नोंद काढण्याचा मार्ग कोणता?” एवढं पुरे. वक्त्याचे आभार, परिषदेचं कौतुक, स्वतःच्या कंपनीची स्थापना कधी झाली, हे सगळं गाळा.

इंग्रजी सत्रात मराठीत विचारायला लाजू नका. वक्ता मराठी असेल तर मराठीत, नसेल तर हिंदीत. मोडक्या इंग्रजीत प्रश्नाचा अर्धा मुद्दा सांडतो आणि उत्तरही त्या सांडलेल्या मुद्द्याचंच मिळतं.

माणसांची यादी आणि आधीचा निरोप

यादीत पाच-सहा जण पुरेत. वक्ते आणि स्टॉलवाले पत्रिकेत असतातच. क्रेडाई या बिल्डरांच्या संघटनेच्या तुमच्या शहर शाखेतून आणखी कोण येतंय हे विचारा. प्रत्येकाला आठवडाभर आधी छोटा निरोप पाठवा:

“नमस्कार सर. मी लातूरचा प्लॉटिंग व्यावसायिक. शनिवारी परिषदेला येतोय. इनाम जमिनींवरचं तुमचं सत्र आहे आणि माझी एक फाइल त्यातच अडली आहे. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं मिळतील का? कागदांच्या प्रती सोबत आणतो.”

फाइल आधीच पाठवू नका, ब्रोशर तर नकोच. दहा मिनिटं मागितली तर दहाच घ्या.

आता आपली एक खोड. मुंबईच्या परिषदेत लातूरकराला लातूरकर भेटला की दोघं दिवसभर खांद्याला खांदा लावून फिरतात, जेवतात, फोटो काढतात. गावाकडच्या मंडळींना प्रवासात भेटा. देवगिरी एक्सप्रेस, लातूर-मुंबई एक्सप्रेस, नांदेडपर्यंत वाढलेली वंदे भारत. परिषदेच्या आदल्या दिवशी यातल्या डब्यांत आपलेच लोक असतात. समृद्धीवरून गाडीनं जाणार असाल तर उरलेल्या सीटवर असे व्यावसायिक बसवा ज्यांच्याशी एरवी निवांत बोलणं होत नाही. परिषदेच्या दारात मात्र सरळ सांगा, “संध्याकाळी भेटू.”

जेवण, स्टॉल आणि संध्याकाळ

जेवताना अनोळखी टेबलावर बसा. पहिला प्रश्न “सध्या कुठलं काम चालू आहे?” आणि दुसरा त्याच्या उत्तरातून. आपला प्रकल्प त्यानं विचारल्याशिवाय सांगू नका.

स्टॉल पहिल्या सकाळी नुसते बघून घ्या. बोलायला दुसऱ्या दिवशी दुपारनंतर जा, गर्दी ओसरलेली असते. सळईसाठी वेळ घालवू नका, सळईचे कारखाने असलेलं जालना आपल्या दाराशी आहे. वॉटरप्रूफिंग, सांडपाणी प्रक्रिया आणि टँकरवर अवलंबून असलेल्या सोसायट्यांसाठी पाण्याची बचत या गोष्टी बघा. विक्रेत्याला एकच विचारा: मराठवाड्यात हा माल कुठल्या साइटवर वापरलाय? मग त्या साइटच्या गुत्तेदाराला फोन करा. त्याच्याकडून कळतं ते माहितीपत्रकात नसतं.

रात्रीच्या जेवणात सौद्यांच्या गोष्टी निघतात आणि तिथे सांभाळून राहा. शेंद्रा-बिडकीनचं नाव निघालं की गुंतवणूकदारांचे कान टवकारतात. तिथल्या ऑरिक या औद्योगिक शहरातले भूखंड ऑरिकच्या यंत्रणेकडून भाडेपट्ट्यानं मिळतात. ‘डीएमआयसी (दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिका) टच’ म्हणून जे विकलं जातं ते बाहेरचं खासगी क्षेत्र असतं आणि त्यातलं काही पिवळ्या (रहिवासी) पट्ट्यात असतं, काही हिरव्यात (शेती). गुंठेवारीचे (मंजूर लेआऊटशिवाय गुंठ्यांत पाडलेले) तुकडेही याच नावाखाली फिरतात. विकास आराखड्याचा भाग नकाशा बघितल्याशिवाय हो म्हणू नका, आणि परिषदेच्या आवारात इसार तर कधीच देऊ-घेऊ नका, मग माणूस कितीही ओळखीचा असो. “कागद पाठवा, सोमवारी बघतो” या उत्तरानं प्रामाणिक माणूस दुखावत नाही.

दोघं गेलात तर

बाप-लेक किंवा भागीदार जोडीनं जातात तेव्हा वडील बाहेर हात मिळवत असतात आणि मुलगा आत नोंदी घेत बसतो. एक दिवस उलटं करून बघा. नियमांच्या सत्रात जो निर्णय घेणार आहे त्यानं बसावं, कारण मुलाच्या नोंदींवरून वडील तीस वर्षांची पद्धत बदलत नाहीत. आणि मुलाला बाहेर सोडलं तर पुढची वीस वर्षं ज्यांच्याशी धंदा करायचा ती माणसं त्याच्या स्वतःच्या ओळखीची होतात, ‘अमक्यांचा मुलगा’ म्हणून नव्हे. एकमेकांना दर दोन तासांनी पाच मिनिटं भेटा, म्हणजे आत ऐकलेलं बाहेर विचारता येतं.

कुठली परिषद निवडायची

वर्षाला दोनच परवडत असतील तर शिकण्यासाठी जिल्ह्यातली एक दिवसाची कार्यशाळा आणि ओळखींसाठी राज्यपातळीची परिषद, असं माझं मत आहे. लातूर किंवा नांदेडच्या छोट्या कार्यशाळेत पन्नास-साठ लोक असतात, महापालिकेचे नगररचनेचे अधिकारी दुपारपर्यंत थांबतात आणि उत्तर तुमच्याच शहराच्या आराखड्यावरून मिळतं. मुंबईत ते मिळत नाही, पण बँकर, मोठ्या कंपन्यांचे जमीन बघणारे लोक, निधी आणणारे सल्लागार तिथेच भेटतात. छत्रपती संभाजीनगरात मसिआ किंवा सीएमआयए या उद्योग संघटनांच्या कार्यक्रमांनाही जाऊन या. तिथे उद्योजक येतात, आणि कारखाना आला की कामगारांच्या घरांचा विषय मागोमाग येतोच.

गृहप्रदर्शन वेगळं. ते ग्राहकांसाठी असतं, तिथे शिकायला जाऊ नका.

आपल्याच शहरात परिषद असली तर अडचण फोनची. साइटवरून गुत्तेदाराचा फोन येतो, “साहेब, पाचच मिनिटं या,” आणि दिवस गेला. दोन दिवस बाहेरगावी आहोत असं समजून घरून निघा आणि सुपरवायझरला निर्णयाचे अधिकार देऊन जा.

परतल्यावर

कार्डाच्या मागे त्याच क्षणी लिहा: कुठे भेटले, काय बोललो, कुणी काय पाठवायचं. मोबाइलमध्ये नंबर साठवताना नावापुढे विषय घाला, ‘खासरा वकील जालना’ असं. सहा महिन्यांनी नाव आठवत नाही, विषय आठवतो.

निरोप त्याच रात्री पाठवा, आणि त्यात काहीतरी कामाचं असू द्या. बोलताना त्यांनी ज्या परिपत्रकाचा उल्लेख केला त्याची प्रत, किंवा त्यांना हवा असलेला उर्दू वाचणाऱ्या जाणकाराचा नंबर, अर्थात त्या जाणकाराला विचारून. रोजच्या शुभप्रभातच्या चित्रांनी ओळख टिकत नाही. उलट नंबर म्यूट होतो.

परतल्यावर दोन-तीन दिवसांत आपल्या माणसांना तासभर बसवा: साइट इंजिनिअर, विक्री बघणारा, हिशेबनीस. वहीतल्या प्रत्येक नोंदीसमोर कोण करणार आणि कधी, एवढं लिहा. मंचावरून ऐकलेला कुठलाही नियम अमलात आणण्याआधी मूळ परिपत्रक किंवा राजपत्र काढून वाचा. वक्ते चुकतात, शिवाय नियम मधल्या काळात बदललेलाही असतो.

मग ते पहिलं पान काढा, तीन प्रश्नांचं. एखादा प्रश्न सुटला असेल तर ज्यानं वाट दाखवली त्याला कळवा, “तुम्ही सांगितलेल्या टेबलावर प्रस्ताव दिला, फाइल पुढे गेली.” हा फोन फार कमी लोक करतात. जो प्रश्न जिथल्या तिथे आहे तो जरा वेगळ्या शब्दांत लिहा, आणि पुढच्या परिषदेची पत्रिका आली की आधी त्याचं उत्तर देऊ शकेल असा वक्ता तिच्यात आहे का ते बघा. नसेल तर नोंदणीचे पैसे वाचवा आणि त्या पैशात तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने कागद काढा.